केसरबाईनं सोडवलेला ससाणा

बीडजवळच्या पाली गावात माझ्या मायला सगळे गोफणवाली केसरबाई म्हणायचे. तिचं माहेर कडा गावचं. लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत ती मचाणावर चढली, डोक्यावर गोफण गरगर फिरवली, आणि सुटलेला गोटा थेट पलीकडल्या बांधावर जाऊन पडला. माझ्या आज्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, "आजपास्नं राखण केसरकडं. गड्यांनी दुसरी कामं बघा."

आमचं रान बिंदुसरा धरणाच्या पाण्याला लागून. थंडीत ज्वारीच्या कणसात दाणा भरला की भोरड्या यायच्या. डोकं अन् पंख काळे, बाकी अंग फिकट गुलाबी. थवा एकदा उतरला की कणसांचे नुसते दाणे गेलेले बोंडूर राहायचे. माय दिवसभर त्यांना हाकलायची, शिव्या द्यायची. पण दिवस कलला की ती गोफण खांद्यावर टाकून बांधावर येऊन बसायची.

त्या वेळी साऱ्या शिवारातल्या भोरड्या पाण्यावर गोळा व्हायच्या. हजारोंनी. आभाळात तो थवा लांब ताणायचा, आवळायचा, सर्रकन वळायचा, जणू कुणी काळी चादर झटकतंय. डोक्यावरून गेला की पंखांचा सळसळाट कानात भरायचा. इतक्या पाखरांत एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नसे.

"दिवसभर शिव्या देतीस, अन् आता बघत बसतीस?" मी विचारायची.

"आता कुणाचा दाणा खात्यात त्या?" माय म्हणायची.

गावात डिश अँटेना नवानवा आला ते हे दिवस. सुंदररावांच्या ओसरीवर रंगीत टीव्ही लागायचा आणि सगळी गल्ली तिथं जमायची. एकदा दिवस कलताना टीव्हीवर आफ्रिकेतले सिंह दाखवत होते. माय दारात येऊन उभी राहिली.

"आवं, तिकडल्या रानातलं काय बघता? भाईर या. आपल्या धरणावर काय चाललंय ते तरी बघा!"

माझे वडील राधाकिशन शरमून उठले. बाकीचे हसत हसत मागून आले. पण बांधावर पोचताच हसणं थांबलं. उंचावरून एक ससाणा पंख मिटून थव्यावर कोसळत होता. भोरड्यांचा थवा क्षणात आवळून गोळा झाला, फाटला, परत जुळला. ससाण्याचा नेम चुकला. तो एका चुकार भोरडीच्या मागं जमिनीलगत आला आणि शेजारच्या बंकटकाकांच्या रानात दिसेनासा झाला.

बंकटकाकांनी पाखरांपासून पीक राखायला ज्वारीवर मासे धरायचं जुनं जाळं ताणलं होतं. ससाणा त्यातच गुरफटला. काका काठी घेऊन धावले.

"माझ्या कोंबड्या नेणारा ह्योच हाय!"

"भावजी, काठी खाली ठिवा," माय म्हणाली.

"वयनी, चोच बघा त्याची. डोळे फोडंल तुमचे."

"फोडू द्या. काठी ठिवा म्हणते ना!"

तिनं डोक्यावरचा पदर ओढून ससाण्याच्या तोंडावर टाकला आणि दोन्ही हातांनी त्याला छातीशी धरलं. त्यानं नख्या तिच्या मनगटात रुतवल्या. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. वडील "सोड, सोड" ओरडत होते. मायनं हात ढिला केला नाही.

"विळा घ्या अन् जाळं कापा," ती काकांना म्हणाली. "सावकाश. पंखाला लागू देऊ नका."

काका क्षणभर घुटमळले. मग खाली बसले आणि एकेक दोरा कापू लागले. शेवटचा दोरा तुटल्यावर मायनं पदर काढला. काळेभोर डोळे, भोवती पिवळी कड. ससाणा बांधावर बसला, पंख झटकले, आम्हा सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि पाण्यावरून उडून गेला. टीव्ही सोडून आलेल्या त्या गर्दीनं टाळ्या वाजवल्या.

मनगटाला टाके पडले. आठ दिवस मायला भाकरी थापता आली नाही. वडिलांनी थापल्या, जाड अन् करपलेल्या. ससाणा सोडवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दिवस कलताना, गल्लीतली निम्मी माणसं बांधावर हजर होती. बंकटकाकांनी जाळं उतरवून ठेवलं होतं. ससाणा आला. लोक माझ्या मायकडं बघून बोटं दाखवत होते, आणि ती पदर सावरत ताठ उभी होती. तिला असं उभं राहिलेलं मी कुठल्या लग्नात पाहिलं नाही, की नारायणगडाच्या जत्रेत.

पुढं बीडहून माणसं दुर्बिणी घेऊन यायला लागली. त्यांना बांधावर नेणं, कुठं बसायचं ते दाखवणं, हे काम बंकटकाकांनी आपणहून अंगावर घेतलं. "आमच्या वयनीनं ह्याला हातात धरलं होतं," हे ते प्रत्येकाला सांगायचे. दर थंडीत ससाणा दिसायचा. तो तोच की दुसरा, असं एकानं मायला विचारलं.

"तोच हाय," ती म्हणाली.

पालीत त्यावर कुणी वाद घातला नाही.