ठोका नाही, तर हात नाही

मेलेला माणूस पान्याने ठोका देऊन उत्तर देत नाही, हे मला माहीत आहे.

तरीही जे झालं ते झालं त्या क्रमाने लिहितेय. काकूंना विचारून लिहितेय.

सबनीस काकांना जाऊन आज महिना झाला. इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच जणांना ते गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे डबा-जेवणाला, साबुदाणा वडे तळणारे काका म्हणून माहीत होते. माझ्यासाठी ते दर शनिवारी बसच्या शेवटच्या स्टॉपवर मला घ्यायला येणारे काका होते.

त्यांच्या शेडमध्ये पंचाहत्तर वर्षांचा लाल ट्रॅक्टर होता. पंपांच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर गंजलेला आणलेला. त्यांना तो काउंटी फेअरमधल्या, म्हणजे इथल्या जत्रेतल्या, ट्रॅक्टर पुलिंगमध्ये उतरवायचा होता. ट्रॅक्टरच्या मागे साखळीने एक स्लेज, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, जोडतात. ती पुढे सरकेल तशी जड होत जाते. कोण किती फूट ओढतो, एवढीच स्पर्धा.

आमची पहिलीच.

"तू पीएचडी करतेस, मी रिटायर्ड. दोघांनाही काम नाही," ते म्हणायचे.

शेडमध्ये त्यांचा एक नियम होता. इंजिनला हात लावण्याआधी पान्याने मडगार्डवर दोन ठोके मारायचे. दुसऱ्याने स्विच बंद आहे हे बघायचं आणि एक ठोका द्यायचा.

ठोका नाही, तर हात नाही.

"तोंडाने का नाही सांगायचं?" मी विचारलं होतं.

"आमच्या शॉप फ्लोअरवर बोललेलं ऐकू कुठे यायचं? ठोका ऐकू यायचा."

स्पर्धेसाठी ट्रॅक्टरच्या मागे किल स्विच लागतो. साखळी तुटली तर त्याची दोरी खेचली जाते आणि इंजिन बंद पडतं. तो मी बसवला.

"वायरच तुटली तर?" काकांनी विचारलं.

"तरी इंजिन बंद पडेल. सेफ्टी सर्किट तसंच असतं, काका."

"नीट बघितलंस ना, इंजिनिअर?"

"बघितलं."

दोन दिवसांनी, मी लॅबमध्ये असताना, काका ट्रॅक्टरसमोर पडलेले काकूंना सापडले.

हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. उजव्या मनगटावर निळा डाग होता. पडताना लागलं असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. "एंट्री भरलीय ना ह्यांनी? मग पुरं कर. तूच चालव."

मी एकटीने काम सुरू केलं. पहिल्या दिवशी सवयीने दोन ठोके मारले.

एक ठोका आला.

शेडचं छप्पर पत्र्याचं आहे. ऊन उतरलं की पत्रा आकसतो आणि वाजतो. मी वेळ लिहून ठेवली, पाच चाळीस.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सव्वातीनला मारले. एक ठोका.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून ढग होते, पत्रा थंड होता. एक ठोका. मागून, स्विचच्या बाजूने.

एकदा तीन मारून पाहिले. काही आलं नाही.

मी काम थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मी उत्तराची वाट बघून मगच हात घालत होते.

पाचव्या दिवशी टॅपेट सेट करायचे होते, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची होती. इंजिन चालवून गरम केलं, स्विच बंद केला. आता इंजिन फिरवायचं पुढचं हँडल हाताने फिरवायचं होतं.

दोन ठोके मारले.

काही नाही.

पुन्हा मारले. थांबले.

शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. पत्र्याचाही नाही.

मी हँडल सोडलं आणि मीटर आणला. स्विच बंदच होता. पण मुख्य स्विच आणि किल स्विच या दोघांची मिळून जी एक वायर होती, ती टर्मिनलमध्ये सैल होती. कधी टेकायची, कधी सुटायची. आत्ता सुटलेली होती. ते क्रिम्प, वायरच्या टोकाचा तो दाबून बसवलेला जोड, माझं होतं.

या ट्रॅक्टरला मॅग्नेटो आहे. तो स्पार्कची वीज स्वतःच तयार करतो. त्याला बंद ठेवायला वायर जोडलेली असावी लागते. ती सुटली, तर स्विच बंद असूनही इंजिन जिवंत असतं. हँडल फिरवलं असतं तर ते उलटं फिरून माझ्या मनगटावर बसलं असतं.

उजव्या.

मी काकांना नेमकं उलटं सांगितलं होतं.

काकूंना सांगू की नको, याचा विचार करत मी वीस मिनिटं शेडच्या पायरीवर बसले. मग आत गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे हार्ट नव्हतं?"

"हार्टच होतं. पण बहुतेक त्या दणक्याने."

"बहुतेक?"

"खात्रीने नाही सांगता येणार, काकू."

त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली.

"त्या दिवशी ही खिडकी उघडी होती," त्या म्हणाल्या. "ह्यांचे दोन ठोके मी ऐकले. मग एक ऐकला. मला वाटलं, तू आलीयेस."

मी नव्हते. शेडमध्ये काकांशिवाय कोणीच नव्हतं.

त्यांना उत्तर मिळालं होतं, म्हणून त्यांनी हँडल फिरवलं.

पत्रा असेल. मी तेच धरून चालले आहे. मला पाचव्या दिवशी उत्तर का आलं नाही, हे मात्र मी कुठेच बसवू शकलेले नाही.

"रागावणार आहे मी तुझ्यावर," काकू म्हणाल्या. "पण नंतर. आधी ती वायर नीट कर. मी बसते स्विचपाशी."

काका सापडले त्या दिवसानंतर काकू शेडमध्ये आल्या नव्हत्या. उलट्या बादलीवर बसल्या, स्विचवर बोट ठेवून. मी पाना उचलला तर म्हणाल्या, "ठोकू नकोस. तोंडाने विचार."

आज फेअरमध्ये तपासनीसाने दोरी खेचली. इंजिन लगेच बंद पडलं. त्याने कार्डावर टिक केली आणि पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला.

आम्ही एकशे सत्याऐंशी फूट ओढलं. नऊ जणांत आठवे.

परतताना काकू गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. राग सुरू झाला असावा. तो त्यांचा हक्क आहे. पुढच्या शनिवारी मी जाणार आहे, त्यांनी दार उघडलं नाही तरी.

काका, वायरबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुम्ही विचारलं होतं, आणि मी बघितलं नव्हतं.

तुम्हाला नमस्कार. माफ करा.