डोळ्याला लावलेलं अंडं

खांडबाऱ्यात स्टेशनच्या रस्त्याला चुडामणचं दुकान आहे. फ्रिज, कूलर, इस्त्री, जे तापतं किंवा गार होतं ते सगळं त्याच्याकडे दुरुस्तीला येतं. माणूस मूळचा शहाद्याकडचा, शेतकरी घरातला, आणि पिढीजात माळकरी. अंडं खाणं सोडाच, चुकून हाताला लागलं तरी आंघोळ करणारा. आता अशा माणसाने अंडी उबवायच्या पेटीच्या वाटेला जावं कशाला? पण कारागिराला नवं काही बसवून दाखवायचा मोह सुटतो थोडाच! दगूबाईची पेटी त्याने पाहिली आणि त्याला राहवलं नाही.

दगूबाई जवळच्या पाड्यावरची, साठीची बाई. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलायची, बाजारात अहिराणी. पाड्यावरच्या बायका आपल्या गावठी कोंबड्यांची अंडी तिच्याकडे उबवायला ठेवत. साधी लाकडी पेटी, आत दोन बल्ब, तळाशी पाण्याचा ट्रे आणि एक पितळी डबी. तापलं की डबी फुगायची आणि बल्बचं बटण ढकलायची. गार झालं की आक्रसायची. दिवसभर टिक्, टिक् चालू. शिवाय दगूबाईचं आपलं एक माप होतं. दिवसातून तीनदा ती अंडं काढून मिटलेल्या पापणीला लावायची आणि डबीचा स्क्रू जरा इकडे की जरा तिकडे, ते ठरवायची. तिच्या हाताला यश आहे, असं तीन पाड्यांत बोललं जायचं.

चुडामणने तिला दुकानात बसवून धडाच दिला. इस्त्रीत दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते. फ्रिजमध्ये नळी असते, तिच्यातला वायू फुगतो. तुझी डबी त्यांचीच बहीण. ही सगळी ढकलाढकलीची मंडळी, अंश-दीड अंश इकडेतिकडे झाल्याशिवाय हलायची नाहीत. आणि हा बघ सेन्सर. वायरच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी, पण जरा ऊब बदलली की पेटीवर लाल आकडा बदलतो आणि बल्ब आपोआप लागतात-विझतात. सगळं खरं होतं बरं का! एवढंच सांगायचं राहिलं, की मणी जिथे टांगलाय तिथलंच सांगतो.

डबी काढून त्याने मणी बसवला, पण टांगला कुठे? तो टांगायला हवा होता अंड्यांच्या शेजारी. पण दगूबाईने सकाळीच साठ अंडी मांडून ठेवली होती. त्यांच्यात हात कोण घालणार? चुडामणने मणी खाली, पाण्याच्या ट्रेजवळ लोंबकळत सोडला आणि हात झटकले. पाण्याजवळ गारवा. मणी म्हणायचा अजून तापलं नाही, बल्ब जळतच राहायचे, आणि वर अंडी भाजून निघायची.

बाराव्या दिवशी तो सहज डोकावला, तेव्हा दगूबाईने पापणीला अंडं लावलं होतं. गरम लागतंय, ती म्हणाली. आकडा साडेसदतीस दाखवत होता, म्हणजे हवा तोच. डोळ्याचा हा खेळ पाहून चुडामण हसला.

"मावशी, डोयाना खेय सोड आते. आकडा खोटं बोलत नही."

तिने अंडं ठेवून दिलं. हात घालून पाहायचं त्याने तेव्हाही टाळलंच.

एकविसाव्या दिवसाची पिल्लं एकोणिसाव्या दिवशीच बाहेर पडली. पाच. त्यांनाही पायांवर उभं राहता येईना. बाकीची कवचातच मेली होती, चोचीसकट पुरी तयार झालेली. दगूबाईने बोलावलं तेव्हा चुडामणने जुना काचेचा तापमापक अंड्यांच्या ट्रेवर ठेवून पाहिला. पारा चाळिसावर. दगूबाई परसात खड्डा खणत होती, तिने पाहिलं नाही. चुडामणने मणी वर ओढून अंड्यांच्या ट्रेला बांधला, तापमापक खिशात घातला, आणि ती आत आल्यावर, देवा रे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "घडीघडी झाकण उघाडं तू, मावशी. ऊब निंघी गई."

एवढी मोठी बाई, पण तिने मान खाली घातली. संध्याकाळी घरोघर जाऊन तिनेच बायकांना सांगितलं, चूक माझ्या हातची.

पुढची खेप तिने पापणीला एकही अंडं न लावता काढली, आणि साठातली एकावन्न पिल्लं निघाली. निघणारच, मणी जागेवर आला होता! पण दगूबाईला वाटलं, आपण हात लावला नाही म्हणूनच निघाली. चार पिल्लं घेऊन ती दुकानात आली आणि चुडामणचे उपकार मानून गेली. खाई त्याला खवखवे. त्या दिवशी चुडामणला भाकरी गोड लागली नाही. पण सांगायला जीभही उचलली नाही. आता तर सगळं बरं चाललंय, जुनं उकरायचं कशाला, असं तो मनाला समजावत राहिला.

दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी दगूबाई पुन्हा आली. तापाचं मशीन पाहिजे होतं, आकड्याचं. चुडामण म्हणाला, ते मेडिकलमध्ये मिळेल, पण कोणाला? नातीला. पोर दोन दिवस तापाने फणफणत होती, आणि हिने कपाळावर हात ठेवूनही सुनेला काही सांगितलं नाही. सून म्हणत राहिली, आई, तुम्ही सांगा, दवाखान्यात न्यायचं का? शेवटी शेजारणीने हात लावला आणि जीपमध्ये घालून नेलं. पोर बरी होती आता. पण हे सांगताना दगूबाई स्वतःच्या तळव्याकडे बघत होती.

"मन्हा हातले आते कळत नही, भाऊ."

चुडामणला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. साठ अंड्यांचं पाप एकवेळ त्याने पचवलं असतं. हे पचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकान उघडलंच नाही, थेट पाडा गाठला. अंगणात उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं: मणी कुठे टांगला, का टांगला, पारा कितीवर होता, आणि आपण खोटं बोललो. दगूबाई शिव्या देईल अशी त्याची तयारी होती, किंबहुना तिने द्याव्यात असंच त्याला वाटत होतं. तिने एकच विचारलं.

"त्या दिन अंडं गरमच व्हतं ना?"

"व्हतं," तो म्हणाला.

ती त्याला घरात पेटीपाशी घेऊन गेली. तिने पेटी उघडली, अंडं काढलं आणि पापणीला लावलं. लावून उभीच राहिली. शेवटी मान हलवली, तिला कळेना. तिने ते अंडं चुडामणपुढे धरलं.

चुडामणने जन्मात पहिल्यांदा अंडं हातात घेतलं. डोळा मिटून पापणीला टेकवलं आणि विचारलं, ओळखायचं कसं?

"पहिले ऊन लागस," ती सावकाश म्हणाली. "मंग काहीच लागत नही. लागतंच ऱ्हायनं, ते जास्ती शे."

तो थांबला. आधी ऊब लागली. मग अंडं कुठे संपतं आणि आपली पापणी कुठे सुरू होते, ते त्याला समजेनासं झालं.

"काहीच लागत नही," तो म्हणाला.

"मंग ठीक शे."

दगूबाईने अंडं त्याच्या हातून घेऊन जागेवर ठेवलं. पण झाकण लावण्याआधी तिने लाल आकड्याकडे पाहिलंच. चुडामणने ते पाहिलं.