एकतीस फुटांचे भुयार

नानांना गावाचा इतिहास सांगणाऱ्या माणसाची चीड होती, आणि आमच्या गावात इतिहास न सांगणारा माणूसच नव्हता. वेशीखाली कोणी पाहुण्याला काही सांगू लागला की नाना खिशातून मोजायची टेप काढून शेजारी उभे राहायचे. “या दरवाज्यातून अंबारीसकट हत्ती जायचे,” असे तो म्हणाला की नाना टेप लावायचे. “साडेनऊ फूट. हत्ती का रांगत जाये?” पाहुणा हसायचा, सांगणारा लाल व्हायचा. गावाने त्यांचे नाव टेपनाना ठेवले होते.

सरकारी बांधकामावर मोजणीदार म्हणून आयुष्य काढून ते गावी परतले होते. मी त्याच सुमारास, सत्तर सालच्या आसपास, धुळ्याहून इतिहास घेऊन बी.ए. झालो. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. पेढे घेऊन गेलो तेव्हा नानांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारले, “बी.ए. झाया का? मंग सांग, आपली बारवले पायऱ्या कितल्या?” मी मनातल्या मनात पायऱ्या उतरू लागलो. “दिल्लीना बठ्ठा बादशहा पाठ शेतस, नि ज्या बारवनं पानी पिना तिन्या पायऱ्या माहीत नही. वाह रे पदवी!”

त्या दिवसापासून दर रविवारी मी त्यांच्याबरोबर फिरू लागलो. बारव, गढी, जुनी कचेरी, मारवाडी पेठेतल्या कोरीव तुळया. गावकरी सांगत की बारव पांडवांनी एका रात्रीत बांधली. नाना म्हणत, “एरंडोलमा पांडव, आठे पांडव, ज्या गावमा जा तठे पांडव मुक्कामले. वनवासमा त्या चालनात कव्हय?” मग खाली उतरून ते पाथरवटाच्या छिन्नीची खूण दाखवायचे, दगड कुठून आणला असेल ते सांगायचे, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ व्हायचा. कुचेष्टा माणसांसाठी होती, दगडांसाठी नव्हती. कॉलेजात चार वर्षे मी राजांची यादी पाठ केली; बघायला मला नानांनी शिकवले.

गावाचा खरा जीव होता भुयारात. गढीच्या पोटात एक काळे भोक होते आणि ते वीस कोसांवरच्या सोनगीरच्या किल्ल्यात निघते, असे सगळे शपथेवर सांगत. इथे शिरलेली बकरी तिकडे निघाली, हे ज्याच्या त्याच्या आजोबांनी पाहिले होते. “बकरी काय सोनगीरना पत्ता इचारत गई?” नाना म्हणायचे. एका उन्हाळ्यात सकाळीच कंदील आणि दोर घेऊन आम्ही दोघे आत उतरलो. एकतिसाव्या फुटावर भिंत लागली. आत कुजका, गोडसर वास होता. नानांनी भिंतीवर कंदील धरला. “भुयार कसानं? पेव शे हाई. धान्यनं पेव. दोन दुस्काळ निघतीन इतलं मोठं.” लिंपलेल्या मातीत बोटांचे फराटे होते, चार-चार, शेजारी-शेजारी. नानांनी आपली बोटे त्यांत ठेवली. “बायासनी लिपेल शे. राजा पळाले भुयार खंदस. गावले पेव लागस.” वाचलेल्या कुठल्याच इतिहासात मला माणसाची बोटे दिसली नव्हती.

त्याच वर्षी आमच्या शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे यायचे ठरले. गावाच्या इतिहासावर भाषण करायचे काम माझ्याकडे आले. मी शाळेत तात्पुरता शिक्षक होतो. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांनी माझा कागद वाचला आणि परत केला. “मास्तर, पेव काय, घरोघर असतं. एकतीस फूट बघायला पाहुणे थांबतील? सोनगीरपर्यंत न्या ते. आणि हो, तुमच्या कायमच्या ऑर्डरवर सही राहिलीय. कार्यक्रम झाला की आठवण करा.”

मी भुयार सोनगीरपर्यंत नेले. त्यातून दौडत जाणारे घोडेस्वार तर मी पदरचे घातले. ते आबासाहेबांनीही सांगितले नव्हते. टाळ्या पडल्या. नाना तिसऱ्या रांगेत बसले होते. ते शेवटपर्यंत बसले.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. वडील ओट्यावर होते. “ऑर्डर भेटनी का पोऱ्याले?”

“भेटनी नाना, तुमनी कृपा.”

“बरं झायं. आते गाठी उचलाना तू सुटना, भाऊ.” एवढे बोलून ते निघाले. गावातल्या कुठल्याही मूर्खाला त्यांनी टोमणा मारल्याशिवाय सोडले नव्हते. मला सोडले. पुढच्या रविवारी मी त्यांच्या दाराशी गेलो, तर ते एकटेच निघून गेले होते.

पाहुण्यांनी जाताना भुयार मोकळे करायची सूचना केली होती. आबासाहेबांनी मजूर लावले, समोरच्या भिंतीवर पहारी चालल्या. तिसऱ्या दिवशी छत बसले. जेवायची सुट्टी होती, म्हणून माणसे वाचली. पेव गेले, बोटे गेली. गाव म्हणाले, बघा, पुढे खजिना असणार, म्हणून जमीन मिटली. नाना काठावर उभे होते. एकाने डिवचले, “नाना, आज मोजनार नहीत का?”

“मोजाले ऱ्हायनं काय?” नाना म्हणाले.

त्यानंतर ते नशिराबादला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मी माफी मागायला जायचे ठरवत होतो. दिवाळीत जाऊ, उन्हाळ्यात जाऊ, असे ठरवतच राहिलो.

गढीपाशी आता ऑइलपेंटचा फलक आहे. सोनगीर, वीस कोस, घोडेस्वार, सगळे त्यावर आहे. कोणी फलक वाचताना दिसले की मी थांबून सांगतो, हे खोटे आहे, इथे धान्याचे पेव होते, एकतीस फुटांचे, बायकांनी लिंपलेले. परवा एका तरुणाने माझे ऐकून घेतले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, “सर, तुमचं वय झालं. खाली वाचा ना, संशोधक म्हणून नाव कोणाचं लिहिलंय?”