ही बोटं कुणाची?

त्याचं खरं नाव थोरल्या बहिणीखेरीज कुणाला आठवत नाही. गल्लीत सगळे त्याला हसूनका म्हणतात. सरकारी कागदपत्रांना लागणारे फोटो काढायचं त्याचं दुकान, जिन्याखाली, कपाटाएवढं. तिथे अठ्ठावीस वर्षं एकच घोषा: "मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका." लोक तसेही हसत नसत, पण सांगणं त्याचं काम. तान्ह्या बाळांनासुद्धा तो अहोजाहो करून "हसू नका" म्हणायचा. बाळं भोकाड पसरायची.

दुसरं काम कात्रीचं. फोटोत माणूस एकच हवा. बाळाला धरलेला आईचा हात, म्हाताऱ्याला सावरणारी सुनेची बोटं, काय वाटेल ते असो, छाटायचं. छाटण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

राहायला सातव्या मजल्यावर एक खोली. खुर्ची एक, टॉवेल एक, कप एक. दुसरा कप होता, तो फुटला, तर बेट्याने नवा आणला नाही. समोरच्या दारातल्या शेजाऱ्याला तो नऊ वर्षं फक्त चपलांवरून ओळखतो.

थोरली बहीण याच शहरात, बसने चाळीस मिनिटांवर. मेहुणे गेल्यापासून तीही एकटीच. दर आठवड्याला ताईचा फोन यायचा, "मागची खोली पडून आहे रे. ये राहायला. दोघं मिळून भांडू तरी." याचं उत्तर ठरलेलं, "शहरात सगळेच एकटे असतात, ताई. मला काय धाड भरलीय?"

शेवटी ताई वैतागली. "एक शिक्षिका खोली मागतायत. महिनाअखेर हो की नाही ते सांग. मागाहून माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

हसूनका हबकला. नाही म्हणायला जीभ रेटेना, आणि हो म्हणावं तर इतक्या वर्षांचं तत्त्वज्ञान पाण्यात. मग पठ्ठ्याने ताईला पुरावाच दाखवायचं ठरवलं. एरवीही सुट्टीच्या दिवशी तो कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर हिंडायचा. बाकावरचा म्हातारा, बसथांब्यावरची नर्स, दुकानासमोरचा रखवालदार. सगळे एकटे आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले. असे चाळीस फोटो निवडून त्याने जवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं. नाव दिलं 'एकटं शहर'. दाराशी छायाचित्रकार म्हणून स्वतःचा फोटो लावला, अर्थातच न हसणारा. ताईला फोन करून म्हणाला, "एकदा बघ आणि मग बोल."

ताई आली. पण फोटो सगळे आसपासचेच, त्यामुळे बघायला आलेली माणसंही तीच. बाकावरच्या म्हाताऱ्यापुढे एक आजी थबकल्या.

"अगंबाई, हे तर आमचे हे! आणि एकटे कुठले? मी शेजारीच स्वेटर विणत बसले होते. हे बघा माझं कोपर!"

कोपऱ्यात खरंच कोपर होतं. हसूनका चाचरला, "आजी, तुम्ही फ्रेमच्या बाहेर गेला होतात..."

"मी कुठ्ठे गेले नाही. तुम्ही घालवलंत!"

तेवढ्यात नर्सही सापडली, आणि तीही भडकलेली. "माझी मैत्रीण कुठाय? तिने हसवून हसवून जीव काढला होता माझा. मी दम खायला थांबले, तर नेमकं तेव्हाच टिपलंत!"

हॉलमध्ये हशा पिकला. ताई तरी बाजू घेईल या आशेने हसूनकाने तिच्याकडे पाहिलं. ताई मात्र दाराशी गेली होती, त्याच्या फोटोपुढे.

"ही बोटं कुणाची?" तिने विचारलं.

खांद्यावर, अगदी काठाशी, छाटायची राहून गेलेली दोन बोटं होती.

"असतील कुणाची तरी."

"माझी आहेत, गाढवा! मी निवृत्त झाले त्या दिवशीचा फोटो आहे हा. दोघं होतो आपण यात. मलाही कापलंस?"

हसूनकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण करणार काय, स्वतःचा दुसरा फोटोच नव्हता त्याच्याकडे. गावभरच्या लोकांचे चेहरे काढले, त्याचा चेहरा काढायला कुणी नव्हतं. त्या चाळीसांत एकटं कुणी असेल नसेल, दाराशी टांगलेला तो मात्र होता. हे त्याला लख्ख कळलं आणि फार लागलं.

"मी इथे एकटा पडलोय गं," तो हळूच म्हणाला.

"कळलं का एकदाचं? मग चल. आणि आधी माझा फोटो भरून दे."

त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि धावत येऊन ताईशेजारी उभा राहिला. तोंडातून सवयीने निघालंच, "मान सरळ. कान दिसू द्या. हसू नका."

"नका?" ताईने वळून त्याचा कान धरला. "मी तुझी बहीण की गिऱ्हाईक?"

"बरं, हसू नको," त्याने चूक सुधारली, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यालाच हसू फुटलं.

शिक्षिकाबाईंना दुसरीकडे खोली मिळाली. तो फोटो ताईच्या मागच्या खोलीत, त्याच्या पलंगामागच्या भिंतीवर लावलाय. मान वाकडी, एक कान ताईच्या मुठीत, दात सगळे बाहेर, आणि कडेला डोकावणाऱ्या आजींचं न छाटलेलं कोपर. कुठल्याही कचेरीत तो चालणार नाही.