न वाचलेली नऊ पानं

या गं पोरींनो, अशा जवळ सरकून बसा. वसुधेच्या हाताखाली वकिली शिकलात, तेराव्याला येऊन माझ्या गळ्यात पडून रडलात, आणि त्यानंतर एकदा तरी फिरकलात का? धारवाडहून इथं नवनगरला यायचं म्हणजे काय सातासमुद्रापलीकडं आहे? पुरवणी उघडली की आधी शब्दकोडं शोधता हेही मला माहीत आहे. आज ते राहू दे, आणि हे वाचा. बाकीच्यांनीही वाचलं तर माझी ना नाही.

वसुधा गेली त्याला आता दीड महिना होईल. त्या सकाळी सून मला रोजच्यासारखा पेपर वाचून दाखवत होती. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग दिसते. तिसरं पान झालं आणि ती एकदम पाचव्यावर गेली. मी म्हटलं, चौथं राहिलं की. तर म्हणाली, त्यात नुसत्या जाहिराती आहेत. संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला, चपला न काढता माझ्या पायाशी येऊन बसला, तेव्हा कळलं... चौथ्या पानावर वसुधेचीच बातमी होती. आदल्या संध्याकाळी तिचं हृदय बंद पडलं, आणि दुपारी सगळं उरकलंही होतं. तुमचं बीपी वाढलं असतं म्हणून सांगितलं नाही, असं सून म्हणाली. तिला चार शब्द सुनवायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. कारण हेच मी एकदा वसुधेला केलं होतं.

तिचे वडील, अप्पा, कोर्टात नोकरीला होते. ते धारवाडला राहायला गेले त्याच्या आधी इथं आमच्या भिंतीला भिंत होती. पोरगी नऊ वर्षांची असताना तापात डोळे गेले. पण जीभ शाबूत, आणि डोकं तर विचारू नका. कायदा शिकणार म्हणाली तेव्हा प्रश्न पडला तो पुस्तकांचा. वाचून कोण दाखवणार? अप्पा दिवसभर कोर्टात. मी मोकळी. मोकळी म्हणजे काय, सातवीत लग्न झालेली. इंग्रजी शिकले ते मुलाच्या शाळेच्या पुस्तकांतून, त्याच्या शेजारी बसून भाजी निवडता निवडता. वसुधा म्हणाली, अक्का, तुम्हाला समजायची गरज नाही, मला ऐकू आलं म्हणजे झालं. मग दुर्गदबैलच्या बाजारातून कोऱ्या कॅसेटी आणायच्या, दुपारी खिडकी लावून घ्यायची, पंखा बंद करायचा आणि टेपरेकॉर्डरपुढं बसून वाचायचं, असा आमचा शिरस्ता पडला. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला पानाचा आकडा मोठ्यानं सांगायचा, ही तिची सक्त ताकीद. आकडा नसेल तर कोर्टात दाखला कसा देऊ, म्हणायची. कधी कधी शेजारी येऊन बसायची. मी एखाद्या शब्दाला अडखळले की खुर्चीच्या हातावर बोट वाजवून म्हणायची, "मुंदे, अक्का." म्हणजे कानडीत पुढं चला. घाई झाली की तिला मराठी पुरायची नाही. वकील झाल्यावर मला चिडवायची, तुमचेच उच्चार माझ्या तोंडात बसलेत, जज्जसाहेब हसू दाबतात.

आठ-दहा वर्षं वकिली केली आणि मग तिनं नवीनच काढलं. जगातल्या देशांनी मिळून अपंगांच्या हक्कांचा करार केला होता, त्याचा कायदा आणि धोरण शिकायला परदेशी विद्यापीठात जायचं, एक वर्षाची पदव्युत्तर पदवी. मी म्हटलं, अगं, अपंग इथं काय कमी आहेत का, तिकडं जाऊन काय शिकायचं? ती म्हणाली, "अक्का, आपल्या इथल्या लॅमिंग्टन रोडवर मी उभी राहिले की कुणीतरी हात धरून मला पलीकडं नेतं. मला पलीकडं जायचंय का, हे कुणी विचारत नाही. त्या न विचारण्याचा अभ्यास करायला चाललेय." अप्पांनी महिनाभर अबोला धरला, आणि शेवटी शिष्यवृत्ती मिळाली तरच जा, असं म्हणाले.

तोवर तिच्याकडं बोलणारा कॉम्प्युटर आला होता, पण झेरॉक्सची पुसट पानं त्याला वाचता येत नव्हती. तो जाडजूड गठ्ठा माझ्याकडंच आला. एव्हाना इंग्रजी मला समजायला लागलं होतं, तिथंच घात झाला. एका प्रकरणात अशा बायकांचं लिहिलं होतं... आंधळ्या, मुक्या, मनानं अधू. कुलूप लावून ठेवलेल्या, न विचारता पोटावर शस्त्रक्रिया केलेल्या. त्यांची सही कुठंच धरली जात नव्हती, त्यांच्या वतीनं घरचे सह्या करत होते. आणि हे सगळं त्यांच्या भल्यासाठी म्हणून. माझ्यानं वाचवेना. ही पोर एकटी खोलीत बसून कानाला लावून हे ऐकणार... मी टेप बंद केला. एकशे बारानंतर सरळ एकशे बावीस वाचलं. तिनं विचारलं तेव्हा सांगितलं, मधली पानं झेरॉक्सला उमटलीच नाहीत.

शिष्यवृत्तीची मुलाखत फोनवर होती, त्यांच्या धारवाडच्या घरी. मी शेजारच्या खुर्चीत, अप्पा दारात. वसुधा झकास बोलत होती. मग पलीकडून काहीतरी विचारलं आणि ती थांबली. मला तिचा चेहरा दिसत होता. ती इंग्रजीत म्हणाली की ते प्रकरण मी वाचलेलं नाही. फोन ठेवला आणि माझ्याकडं तोंड करून शांतपणे विचारलं, "अक्का, ती नऊ पानं खरंच उमटली नव्हती?"

मी खरं ते सांगितलं. तुला त्रास होईल असं वाटलं, म्हटलं. तिनं फोन हातानं बाजूला सारला. मग म्हणाली, "मी काय ऐकायचं ते तुम्ही ठरवलंत. बाकी कुणी ठरवलं असतं तर मला इतकं लागलं नसतं."

त्या वर्षी नकार आला. पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करा, असं पत्र होतं. आठवडाभर ती माझ्याकडं आली नाही. मी रोज टेपरेकॉर्डर पुसून ठेवत होते. आता दुसरं कुणी वाचणारं शोधेल, असंच धरून चालले होते... आठव्या दिवशी बसनं आली, काठी कोपऱ्यात टेकवली, कोरी कॅसेट पुढं केली आणि म्हणाली, एकशे तेरापासून. मी वाचायला लागले. तिसऱ्या पानावर माझा आवाज फुटेना. तिनं टेप थांबवला नाही. बोट वाजवलं आणि म्हणाली, "मुंदे, अक्का." नऊच्या नऊ पानं तशीच वाचून घेतली माझ्याकडून.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. गेली, शिकली, आणि प्रबंध लिहिला तो त्याच विषयावर : माणसाच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवायचं कुठवर. परत आल्यावर म्हणाली, आभारात तुमचं नाव आहे आणि आत तुमची नऊ पानं, दोन्हींचा हिशेब चुकता. मग तुम्हा पोरींना हाताशी धरून शिकवायला लागली, ते तुम्हाला माहीतच आहे. उणीपुरी दीड वर्षं मिळाली तिला.

ती कॅसेट अजून माझ्या टेपरेकॉर्डरमध्येच आहे. दुपारी खिडकी लावून ऐकते. माझा आवाज अडकतो, मग जराशी खरखर, मग बोटाची टकटक, आणि तिचं ते मुंदे. तिथं मी थांबवते, मागं नेते, पुन्हा ऐकते.

टेपरेकॉर्डरखाली त्या दिवसाच्या पेपरचं चौथं पान घडी करून ठेवलंय. सुनेला दोनदा वाचायला बसवलं, पण पहिल्याच ओळीला ती अडखळते, पान खाली ठेवते, आणि मला काही मुंदे म्हणवत नाही. तेव्हा पोरींनो, तुमच्यातलं कुणीतरी या. कॅसेटींची खोकी आहेत, कामाची असतील ती घेऊन जा. पण आधी ते पान मला वाचून दाखवा, एक ओळही न गाळता. मधे थांबलात तर मी खुर्चीवर बोट वाजवीन. फार दिवस लावू नका, या लवकर.