न जळणारी दाढी

आमच्या गावच्या नाटकात ऋषीची दाढी जळत नसे. सिंदेवाहीच्या आसपास नाटकं कमी होती असं नाही. पण राक्षसानं भर रंगमंचावर पेटता पलिता दाढीला लावला आणि दाढी जशीच्या तशी राहिली, हे फक्त आमच्याकडे. शिट्ट्या वाजत, टोप्या हवेत उडत, पुढच्या रांगेतल्या बाया हात जोडत. तो ऋषी मीच. प्रयोगानंतर घसा असा खवखवे की दोन दिवस खोकत फिरायचो. आम्ही त्याला ऋषीचा कोप म्हणायचो आणि हसायचो.

दाढी केली होती माझ्या भाऊजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. धान निघालं की ते चांद्याकडच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला जात. बॉयलरच्या वाफेच्या पाइपांवरचं जुनं पांढरं वेष्टण फोडायचं आणि नवा पांढरा दोर गुंडाळायचा. कामावरचे लोक त्याला रुई म्हणत. खरं नाव ॲसबेस्टॉस, ते आम्हाला फार उशिरा कळलं. एकदा भाऊजींनी उरलेला हातभर दोर घरी आणला, ओसरीवर बसून बोटांनी पिंजला आणि भाताच्या खळीनं फडक्यावर चिकटवला.

"घे," म्हणाले, "तुह्या ऋषीले आता मरन नाई."

भाऊजी आमच्या मंडळाचे गायक. पेटीवाल्याला घाम फुटेल अशी तान. आवाजासाठी त्यांनी उभ्या जन्मात बिडी ओढली नाही, लग्नात थंड सरबतसुद्धा घेतलं नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती तान तुटायला लागली. आधी अर्ध्यावर, मग पहिल्याच शब्दावर. क्षयाच्या गोळ्यांचा एक कोर्स झाला, दुसरा झाला. शेवटी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि तोवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला, "तुम्ही काम काय करत होता?"

भाऊजींनी सांगितलं. डॉक्टरनं फोटो खाली ठेवला. मग त्यानं कागदावर लिहून दिलं की हा आजार कामातून झालेला आहे. तोंडी सांगितलं की गेलेला दम परत येत नाही.

बाईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला. "दम वापस येत नाई तं नाई," ती म्हणाली, "ज्यानं नेला त्याले तं ओढून आनू."

चांद्याच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील मिळतो असं कोणीतरी सांगितलं. मिळाली ती एक तिशीतली वकीलबाई, लुनावरून येणारी, पर्समध्ये फायलींबरोबर मुरमुरे बाळगणारी. तिनं नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दावा लावला. ठेकेदाराचं उत्तर आलं, हा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. बाईनं तांदळाच्या डब्यातून गेटपासांची चळत काढली. मग उत्तर बदललं. माणूस येत होता, पण कॅन्टीनमध्ये भांडी घासत होता. बॉयलरच्या जवळसुद्धा गेला नाही. आणि त्याचा दमा बिडीचा आहे.

गेटपासवर माणूस आत गेला एवढंच लिहिलेलं असतं. आत जाऊन त्यानं काय केलं, ते नाही.

भाऊजी रागानं खाटेवर उठून बसले. मग तीन-तीन शब्दांवर थांबत म्हणाले, "भांडे घासनं... वाईट नाई. पन मी बॉयलरवर होतो. तेवढं... लिवून पाह्यजे. कोर्टाच्या कागदावर."

पैशाचं त्यांनी नाव काढलं नाही. दावा कशाचा आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

तारखा पडत राहिल्या. मग एका दुपारी ठेकेदाराचा सुपरवायजर मोटारसायकलवर दारात हजर. हातात पाकीट, वर गोड हसू.

"शेटजीनं पाठवलं, बाई. माणुसकी म्हणून. फक्त इथी अंगठा मारा का भाऊ बॉयलरवर नव्हते."

बाई धान पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिनं विचारलं, "माणुसकी कवापासून आली?"

"असं काऊन बोलता?"

"इतके वर्स तोंडाले बांधाले फडकं देलं नाई, आन आता माणुसकी मोटारसायकलवर बसून आली? जा, तिले वापस घेऊन जा. ऊन लागन तिले."

मी ओसरीवरून टाळ्या वाजवल्या. बाईला पल्लेदार संवाद कोणी लिहून द्यावा लागत नाही. सुपरवायजर पाकिटासकट गेला.

पण बॉयलरचा पुरावा? बरोबरचे मजूर कोण छत्तीसगडला, कोण आंध्रात पांगलेले. वकीलबाईनं मुरमुरे चावत विचारलं, "त्यांनी कारखान्यातून कधी काहीच घरी आणलं नाही? एखादं अवजार? हातमोजा?"

"हातमोजा!" बाई हसली. "तो डोयानं तरी पाह्यला असता."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दाढी हाय ना."

मी अख्खी गोष्ट सांगितली, अर्थात अभिनयासकट. पलिता, राक्षस, शिट्ट्या, ऋषीचा कोप. वकीलबाईचे मुरमुरे हातातच राहिले.

"तुम्ही ती तोंडाला लावत होता?"

"सात वर्सं."

दुसऱ्याच आठवड्यात तिनं माझाही छातीचा फोटो काढायला लावला. साफ निघाला, पण तेव्हापासून दरवर्षी काढतो, आणि तो दिवस मला प्रयोगाच्या दिवसापेक्षा जड जातो. दाढी मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत होती. नाकातोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून ती दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केली, तोंडं चिकटपट्टीनं पक्की केली आणि वर कापडी पिशवी बांधली. ती प्रयोगशाळेत पाठवा म्हणून अर्ज झाला. ठेकेदाराच्या वकिलानं हरकत घेतली, "नाटकातला कापूस आहे, साहेबांचा वेळ कशाला घालवता?" अर्ज पडून राहिला.

सुपरवायजरच्या साक्षीचा दिवस आला. आमच्या साइटवर असा दोर कधी नव्हताच, तो शपथेवर म्हणाला. वकीलबाईनं मला पिशवी दाखवायला सांगितलं. आता मला सांगा, सात वर्षं ऋषी झालेला माणूस साधा चालत जाईल? मी ऋषीच्याच चालीनं निघालो.

"ही वस्तू काय आहे?" तिनं विचारलं.

"कापूस असन. दाढी दिसते."

"कापूस आहे ना? मग हातात घ्या."

मी त्याच्यासमोर कापडी पिशवीची गाठ सोडायला लागलो. एक पदर. दुसरा पदर. वाकून आत फुंकर मारायचा आव आणला.

सुपरवायजर पिंजऱ्यातून मागच्या मागे उतरला. रुमाल नाकावर.

"ये, खोलू नको! बाहीर ने ते!"

"काऊन गा?" मी विचारलं. "कापसाले भेतेस?"

"त्याची धूड छातीत जाते ना बे!"

आयुक्त साहेबांनी आधी मला झापलं, "हा रंगमंच नाही, जागेवर बसा." मग लिहून घेणाऱ्याकडे वळले आणि सावकाश, शब्द तोडून सांगितलं: साक्षीदाराने वस्तू हाती घेण्यास नकार दिला, धूळ छातीत जाते असे म्हणाला. वकीलबाईनं एवढंच विचारलं, "हे तुम्ही तुमच्या मजुरांना कधी सांगितलं होतं?" त्यानं रुमाल नाकावर आणखी दाबला.

बाहेर आल्यावर वकीलबाईनं माझा कान धरला नाही एवढंच. "उघडली असती तर?"

"बाईसाहेब, आतल्या दोन पिशव्या पक्क्या होत्या. मी फक्त वरची सोडत होतो. पडदा उघडाच्या आधी घंटा नाई वाजवाव?"

ती दुसरीकडे तोंड करून हसली, ते मी पाहिलं.

दाढी त्याच दिवशी तपासणीला गेली. अहवाल आला: ॲसबेस्टॉस. पुढच्या पावसाळ्यात निकाल लागला, भरपाई मंजूर झाली, आणि ठेकेदार लगेच वरच्या कोर्टात जाणार असल्याची बातमीही आली.

"जाऊ दे," बाई म्हणाली. "दाढी तिथीबी येईन."

मी निकालाची नक्कल घेऊन खाटेजवळ बसलो. भाऊजींनी हातानंच खूण केली, बाकीचं सोड. मी ती ओळ शोधली आणि ऋषीच्या आवाजात, पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशी वाचली:

"अर्जदार हा बॉयलर विभागात पाइपांना ॲसबेस्टॉसचे वेष्टण गुंडाळण्याचे काम करीत होता, हे सिद्ध झाले आहे."

भाऊजींनी डोळे मिटले. टाळी वाजवायला दम नव्हता. खाटेच्या कडेवर तळहात आपटला, एकदा, दोनदा, आणि एका श्वासात मावेल एवढंच म्हणाले,

"वन्स मोअर."