दारवालीच्या तीन कड्या

बाजारामागच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला तीन दारं आहेत. त्या तिन्ही दारांच्या आतल्या कड्या एका बाईने स्वतःच्या हाताने काढून टाकल्या होत्या. तिला सगळे दारवाली म्हणतात. फरशी धुवायची, बादल्या भरायच्या आणि उरलेला वेळ बाहेर लोखंडी स्टुलावर बसून राहायचं, हे तिचं काम. मला शहाणं करणं येरागबाळ्याचं काम नाही, हे माझ्या ओळखीचा कुणीही सांगेल. तिने ते एका सकाळीत केलं.

मी शाळा सातवीत सोडली. पुढचं सगळं अर्ज लिहून शिकले. नळाचा अर्ज, दिव्याचा अर्ज, गटाराच्या झाकणाचा अर्ज. लोक मला अर्जवाली म्हणतात. काही कौतुकाने, काही वैतागून. मला दोन्ही चालतं.

गेल्या वर्षी मी पहिल्यांदा तिथे गेले, दार लोटलं, कडी चाचपली. नुसती भोकं. तशीच बाहेर आले.

"कडी कुठाय?"

"काढली."

"कुणी?"

"मीच. जा तुम्ही निवांत, मी बसलेय ना बाहेर."

"बसलीस म्हणजे काय उपकार केलेस?"

"उपकार कसले हो बाई, नोकरी आहे."

रांगेतल्या दोघीतिघी फिस्सकन हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येऊन चप्पलही न काढता अर्ज लिहायला बसले.

माझ्या शाळेतल्या संडासाला कडी नव्हती. एक पाय दाराला लावून बसायचं आणि मैत्रिणीला बाहेर उभं करायचं. एकदा मैत्रीण आली नव्हती आणि वर्गातल्या मुलांनी दार ढकललं. त्या दिवसापासून मी शाळेत पाणी प्यायचं बंद केलं. वर्षभरात दुखणं मूत्रपिंडावर गेलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा कडी म्हणजे माझ्या लेखी बोटभर लोखंड नव्हतं. जी बाई बायकांच्या कड्या काढते, तिला मी सोडणार नव्हते. शाळेतलं हे सगळंही अर्जात लिहिलं आणि शेवटी ठणकावलं: सदर महिलेस कामावरून दूर करावे.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेचं उत्तर आलं. सोमवारी साहेब पाहणीला येणार होते. पाहणीच्या आदल्या दिवशी पुरावा गायब होतो, हे मी कोळून प्यायलेय. म्हणून शनिवारी सकाळीच बघायला गेले. कड्या नव्हत्याच. दारवाली स्टुलावर बसली होती, हातात नोटीस.

"या अर्जवाल्या बाई. हे जरा वाचून दाखवा. लिहिलंय तुम्हीच, तर वाचायलाही तुम्हीच बऱ्या."

नाही कसं म्हणणार? वाचू लागले. माझीच वाक्यं होती, पण दारवाली समोर बसून ऐकत असताना तोंडातून निघेनात. 'दूर करावे'पाशी जीभ अडखळली.

"म्हणजे सोमवारी मी घरी," ती म्हणाली. "जावेची मुलगी आहे माझ्याकडे. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. निदान तिची परीक्षा तरी होऊ द्यायची होतीत."

"मग लावा ना कड्या! अजून दोन दिवस आहेत. मी स्वतः सुतार आणते."

"नोकरी गेली तरी चालेल. कड्या लावणार नाही."

"हा काय हट्ट, मावशी?" मावशी कधी म्हणाले, माझं मलाच कळलं नाही.

मग तिने सांगितलं. पूर्वी ती आणि तिची थोरली जाऊ एकाच शिलाई कारखान्यात होत्या. या घरात लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती. जावेने शिकवली, कारखान्यात चिकटवलं, सासूच्या बोलण्यापासून वाचवलं. एका दुपारी जाऊ संडासात गेली ती बाहेर येईना. आत चक्कर येऊन पडली होती. हिने हाका मारल्या, बायकांनी लाथा घातल्या. शेवटी सुताराने फळ्या कापल्या तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवी होती.

"तिने कडी लावली नसती तर आज असती," दारवाली म्हणाली. "म्हणून इथे लागले त्याच दिवशी तिन्ही काढल्या. तुम्ही दाराच्या आत रडलात बाई, मी बाहेर रडले."

माझं डोकं काही स्वस्थ बसत नाही.

"मावशी, ती पडली कुठे होती?"

"दारालाच टेकून."

"आणि दार उघडायचं कुठे?"

"आत. हे उघडतं तसंच."

"चला, बसा आत."

"काय?"

"बसा म्हणते ना! दाराला पाठ लावून. फरशी तर आत्ताच धुतलीत."

पुटपुटत का होईना, बसली. मी दार ढकललं. हलेना. खांदा लावला, तेव्हा कुठे चार बोटं सरकलं. मागे पिशव्या घेऊन एक बाई येऊन उभी राहिली.

"काय खेळ चाललाय तुमचा? मला घाई आहे!"

"तिसऱ्यात जा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो, एक आतून, एक बाहेरून.

मी हाक मारली. ती आतूनच बोलली.

"बाई, कडी तर तुटलीच होती."

"कधी?"

"पहिल्या पाचसहा लाथांत. फरशीवर पडलेली मी ऐकली होती. तरी दार सरकेना. आम्हाला वाटलं, अजून कुठेतरी अडकलंय." मग म्हणाली, "तीच अडकली होती हो."

कडीवर कसला राग काढला होता तिने इतकी वर्षं! आणि मी तरी काय मोठे दिवे लावले? कडीवर पानभर लिहिलं, बिजागरीकडे बघितलंही नाही. दार बाहेर उघडणारं असतं तर तिची जाऊ कदाचित वाचली असती. मला तर कडी हवीच होती. मी दाराबाहेर ओल्या फरशीवर टेकले. ती आत पदर तोंडाला लावून रडत होती.

दुपारी तिच्याच स्टुलावर कागद ठेवून नवा अर्ज लिहिला. दारं बाहेर उघडावीत. आत कडी असावी, पण ती बाहेरून किल्लीने उघडता यावी. किल्ली दारवालीकडे. ही किल्लीची कल्पना तिचीच.

सोमवारी साहेब आले. "म्हणजे तक्रार मागे घेताय?"

मी जन्मात तक्रार मागे घेतलेली नाही. तरी म्हणाले, "मागे नाही, साहेब. चुकीच्या माणसावर केली होती. या बाईंचा दोष नाही. मी विचारायच्या आधी लिहिलं."

"मग तक्रार आहे कुणाविरुद्ध?"

"दाराविरुद्ध," मागून दारवाली. "चिकटवा त्याला नोटीस."

शिपाई हसला, साहेब नाही. मग आम्ही साहेबांनाच दार ढकलायला लावलं, आत दारवाली बसलेली. आधी दोन बोटांनी ढकललं, मग तळव्याने, मग खांद्याने. घाम पुसून त्यांनी नोटिशीवर लिहिलं: ताकीद देऊन प्रकरण बंद. दारांचा खर्च मंजूर व्हायला महिना गेला, पण झाला.

मी तिच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते. तिने मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि कुणाला न सांगितलेलं दुःख सांगितलं. एवढं मला माझ्या माणसांनीही दिलेलं नाही. आता कुणाविरुद्ध लिहायचं झालं, की आधी त्याच्या शेजारी जाऊन बसते. राग तसाच आहे, पण तो जरा थांबायला शिकलाय.

आमचं एकमत झालं, असं मात्र समजू नका. ती आत गेली की अजूनही कडी लावत नाही. मी लावते, वर दोनदा ओढून बघते. आणि मी आत असले की ती बाहेरून हाक मारतेच, "बाई, आहात ना?"

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर खेकसले असते. तिला सांगते, "आहे हो मावशी, आहे."